तीन रेक्स बिगोनिया, एक स्टार: नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

मे महिन्यात आमच्या कुडाळच्या नर्सरीतून नेलेले तिन्ही रेक्स बिगोनिया (रंगीत पानांची शोभेची रोपं) जुलैत सडले, कुंडीत मातीऐवजी नारळाचा भुसाच निघाला आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवूनही आम्ही उत्तर दिलं नाही, असं तुम्ही एक स्टार देऊन रिव्ह्यूत लिहिलंय.

उत्तर दिलं नाही हे खरं. जून-जुलैत आंब्याच्या कलमांना रीघ लागते, त्यात तुमचा मेसेज खाली गेला. माफ करा.

आमच्या मुलाने तुम्हाला 'रोज पाणी घाला' म्हणून सांगितलं होतं. मेच्या उकाड्यात ते बरोबर. पण पाऊस लागला की हात आवरा, हे सांगायचं राहिलं. ती चूक आमचीच. जुलैत इथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कुंडी कुठून वाळणार? बिगोनियाची मुळं बारीक, वरच्या थरातली. सतत ओलीत राहिली की हवा मिळत नाही आणि कुजतात. मुळं गेली की पानं मान टाकतात, आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण आणखी तांब्याभर ओततो. तुमच्या फोटोत कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली दिसते.

भुशाचं मात्र मान्य नाही. ते कोकोपीट, मुद्दाम घातलेलं. आपली तांबडी माती नुसती भरली तर कुंडीत घट्ट बसते. (निचऱ्यासाठी समुद्राची वाळू घालणारेही भेटतात. खारट असते ती, नका घालू.) घाटात ओल्या कातळाच्या फटीत रानबिगोनिया ऐन पावसात फुलतो, कारण तिथे पाणी थांबतच नाही.

कुंड्या टाकल्या नसतील तर जमिनीलगतचं जाड खोड दाबून बघा. टणक लागलं तर कुजका भाग कापून जेमतेम ओलसर कोकोपीटवर आडवं ठेवा. एखादं धड पान उरलं असेल तर त्याच्या मागच्या जाड शिरांना काप देऊन तेही तसंच टेकवा. महिना-दीड महिन्यात त्या कापांपाशी बारीक रोपं फुटतात.

दोन रोपं बदलून देतो. तिसरं फोटोत थेट पागोळीखाली आहे, पानं फाटलीत. ते आमच्या खात्यात धरू नका. फक्त आत्ता येऊ नका, गणपती झाल्यावर या, आणि कुंड्या घेऊन या. तळाची भोकं बुजलीत का ते बघायचंय.