पोस्टर पुरे, आता पोळ्याची झडती लिहू द्या!

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला येतो. त्या दिवशी आपल्या विदर्भातल्या शाळांना कुलूप असतं. नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, म्हणून शाळा उघडतात जूनच्या शेवटाला. मग जुलैत कधीतरी एका तासात तो दिवस 'उरकला' जातो. ड्रॉइंग शीट वाटायची, 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहायचं, दोन तळहातांवर पृथ्वी काढायची, पृथ्वीच्या डोळ्यांत पाणी. तिसरीपासून दहावीपर्यंत तेच चित्र. बक्षीस बहुतेक वेळा त्या पोस्टरला, ज्यावर आईबाबांनी रात्री जागून अक्षरं काढलेली असतात.

चित्रकला शिकवते मी, आणि मला हे बघून मनापासून वाईट वाटतं. कारण पोरांकडे सांगायला खूप असतं. आपण त्यांना आधीच पाठ झालेलं वाक्य रंगवायला देतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एकच केलं. विषय दिलाच नाही. शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जेवढी झाडं आहेत, त्यातलं एक निवडा, त्याच्यासमोर बसा आणि दिसेल तेच काढा. पान हिरवंच असतं असं समजू नका, बघून ठरवा. सहावीतल्या एका मुलीनं कडुलिंब निवडला. मला वाटलं फांद्या काढेल. तिनं आधी खिळे काढले. बुंध्यावर कुठल्यातरी शिकवणी वर्गाची पाटी ठोकलेली होती, ती कधीच पडून गेली, खिळे तसेच राहिले होते. एका खिळ्याभोवती डिंक ओघळून घट्ट झाला होता आणि त्यात एक मुंगी अडकली होती. तो डिंक तिनं तपकिरी आणि पिवळा घासून घासून असा काढला की हात लावून बघावासा वाटला. खाली बुंध्याला अगदी चिकटून बसवलेले गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे. तिनं विचारलं, "मॅडम, याले पाणी कुठून भेटते?" कुठल्याही भाषण स्पर्धेतून हा प्रश्न आला नसता. तो आला झाडासमोर चांगला अर्धा तास बसल्यामुळे.

म्हणून माझं मत असं की आधी बघणं, मग चित्र, आणि शब्द त्याहून नंतर. घोषणा तर नकोच.

आणि शब्दांसाठी बाहेर कुठे जायची गरज नाही हो. आपल्याकडे पोळा आहे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे यमक जुळवून म्हणायच्या ओळी, सुरू होतात आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळा गाव ओरडतो, 'हर बोला हर हर महादेव!' झडतीत देवाचं नमन असतं, थट्टा असते आणि गाऱ्हाणंही असतं. महागलेलं बियाणं, सावकार, पाटील, कुणाची गय नसते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरतात, बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतात. त्याच दिवशी नागपूरच्या महालात, इतवारीत काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, 1880 च्या दशकापासून चालत आलेली, आणि सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे. वर्षभर लोकांना जे जे छळतं त्याचा पुतळा करून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळणारं हे शहर आहे. गाऱ्हाणं कलेतून मांडायची एवढी जिवंत रीत दारात असताना आपल्या पोरांनी नेटवरची पृथ्वी का उतरवून काढावी?

आम्ही वर्गात झडत्या लिहायला दिल्या. नदीकाठच्या वस्तीतल्या एका मुलाची ही झडती:

नागनदीच्या काठी घर, खिडकी सदा बंद,
उघडली तं घरात येते गटाराचा गंध.
आजा म्हणे याच पाण्यात पोहलो आम्ही लय,
माहा चेंडू पडला तं काढाचं लागते भय.
हर बोला हर हर महादेव!

एका सहकाऱ्याला 'माहा' खोडून 'माझा' करायचं होतं. मी करू दिलं नाही. पोरगं ज्या बोलीत नाक दाबतं त्याच बोलीत लिहिणार ना!

त्या चार ओळींवरून वर्ग बोलायला लागला. ही नदी येते कुठून, जाते कुठे? मग नकाशा काढला. पश्चिमेकडच्या लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावावरून शहराच्या मधोमध वाहते. जिच्यावरून नागपूर हे नाव, तिला आपण रोज 'नाला' म्हणतो. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपल्या शहराचं सांडपाणी जाऊन पोचतं थेट गोसेखुर्दच्या जलाशयात. म्हणजे आपण जे सोडतो ते भंडारा जिल्ह्यातल्या मासेमारांच्या जाळ्यापर्यंत जातं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून हे कळतंच असं नाही. झडतीमुळे पोरांनीच विचारलं.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते? काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली, नागनदी घरात शिरली. त्या भागातली मुलं आज आपल्याच शाळांमध्ये बसतात. त्यांना 'पूर' काढायला सांगा. होडी, छत्री काढणार नाहीत ती. भिंतीवरची चिखलाची रेघ काढतील, फुगलेली वह्या-पुस्तकं, उलटा पडलेला फ्रिज काढतील. त्या रेघेच्या किती खाली आपण उभे होतो, हेही काढतील. त्यावर 'पाणी वाचवा'चं घोषवाक्य टाकायला लावू नका, एवढीच हात जोडून विनंती.

पालक विचारतात, याचे मार्क किती? इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीत मिळतात, त्यामुळे प्रश्न समजू शकते मी. पण समोरचा खिळा बघून काढणाऱ्या मुलीला त्या परीक्षेतलं स्थिरचित्र जड जात नाही. नंबर मात्र काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला-दुसरा आला की पोरं परीक्षकाला आवडेल तेच काढतात. त्यापेक्षा चित्रं शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावा, येणारी-जाणारी माणसं थांबून बघतात. बडगे करायचे तर बांबू आणि रद्दी पेपरचे करा. थर्माकोल आणि रेक्झिन जाळून धूर करण्यात काही अर्थ नाही.

यंदा पोळ्याच्या आधी महिनाभर प्रत्येक वर्गानं आपापलं एक झाड, एक नाली, एक विहीर धरावी, असं मी शाळेत मांडणार आहे. आणखी कुणा शिक्षकांना करायचं असेल तर जरूर सांगा. आणि ज्यांच्या घरी आजोबा, मामा, काका झडत्या म्हणत आले आहेत, त्यांनी त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. पोरांना ऐकवायच्या आहेत.