नव्याण्णवची क्वालिटी

आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात. या वेळी ती हलली ती वादळानं नाही, वानरांच्या टोळीनं. शेजारच्या घराचे कवेलू संपले की आमचा स्लॅब लागतो, आणि टोळीच्या म्होरक्याला उतरायला आमच्या खांबावरची दोन फुटी थाळी फार सोयीची वाटते. सरकली जेमतेम बोटभर. पण उपग्रह 36,000 किलोमीटर वर. इथला एक अंश म्हणजे तिथले सहाशे किलोमीटर. टीव्हीवर ‘नो सिग्नल’.

एरवी हे तासाभराचं काम. पण ते दोघांचं आहे. एक जण वर पाना घेऊन, एक जण खाली टीव्हीसमोर, आणि मधल्या जिन्यात ‘आला का?’ ‘गेला!’ची ये-जा. त्या दिवशी घरातली चारही माणसं व्हायरलनं आडवी होती आणि चौघांचाही घसा बसलेला. मायचा तेवढा अर्धा चालू. फोन लावावा तर स्लॅबखाली रेंज नाही. आमच्या घरात रेंजही गच्चीवरच राहते.

फुकटची सरकारी छत्री, म्हणजे डीडी फ्री डिश, जीसॅट-15 या उपग्रहाकडे बघते. तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर. आमच्या वर्ध्याकडून तो दक्षिणेपासून पूर्वेला साधारण 37 अंश आणि क्षितिजापासून 60 अंश वर येतो. इथे पहिली चूक होते. 60 म्हणून थाळी आभाळाकडे तोंड करून बसवली तर तिच्यात फक्त पाणी साचतं. या थाळीचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, मधोमध नसतो, खालून पुढे आलेल्या दांडीवर असतो. म्हणून सिग्नल 60 अंशांवरून येत असला तरी थाळीचं तोंड सुमारे 35 अंशच वर दिसतं. मागच्या पट्टीवरचे आकडे हा हिशोब धरूनच छापलेले असतात. मात्र खांब ओळंब्यात हवा. खांब कलला की पट्टी खोटं बोलते.

दुसरी चूक शेजाऱ्याकडे बघून छत्री लावण्याची. त्याची महिन्याच्या पैशाची असते आणि तिचा उपग्रह वेगळा. 83 अंश रेखांशावरचा असेल तर ती जवळजवळ दक्षिणेलाच बघते. मोबाईलमधलं होकायंत्र टिनाच्या पत्र्याजवळ धरलं की तेही बहकतं. पत्र्यापासून चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्यावी.

खाली पोराला टीव्हीसमोर पांघरुणासकट बसवलं, हातात जेवणाची थाळी आणि चमचा दिला. एक ठोका म्हणजे नाही, दोन म्हणजे आला. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थला भुलू नये. एलएनबीला वायरीतून वीज पोहोचली की ती पट्टी आभाळ रिकामं असलं तरी भरलेली दिसते. खरी बातमी क्वालिटीची. आमची स्ट्रेंग्थ 80, क्वालिटी शून्य. घरातल्या माणसांसारखंच, दिसायला सगळी जागी आणि कामाला एकही नाही.

आधी कनेक्टर बघितला, कारण निम्मी दुखणी तिथेच निघतात. वायरीचं वरचं प्लास्टिक बोटाच्या पेराच्या निम्मं सोलायचं, आतली जाळी मागे दुमडायची आणि मधली तांब्याची तार कनेक्टरच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवायची. जाळीचा केसाएवढा तंतू तारेला लागला की शॉर्ट. आमचा ठीक होता. मग तेराच्या पान्यानं नट अर्धवट सैल केले आणि थाळी पूर्वेकडे सरकवू लागलो. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, मग पाच सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईत फिरवणारा माणूस उपग्रहावरून दहादा जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

ठोके बंद पडले. पोरगं झोपलं होतं. म्हणून मायला हाक मारून सांगितलं, आकडा वाच आणि जिन्याशी येऊन बोल. दहा मिनिटांनी घोगरा आवाज आला, “नव्याण्णव!”

मी चारही नट करकचून आवळले. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या बॉक्सवर 75 च्या वर क्वालिटी कधी बघितलेलीच नाही. खाली आलो तर पट्टी शून्यावर आणि मायच्या हातात थर्मामीटर.

“मी तं तुह्या बापाचा ताप सांगतला बाप्पा! एकशे दोनचा नव्याण्णववर आला. टीव्हीकडं कोन पायते?”

ताप उतरला होता, तेव्हा भांडताही येईना. शेवटी सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. बॉक्स, बैठकीतला टीव्ही आणि एक्स्टेंशन बोर्ड गच्चीवर नेला, टीव्हीवर पोतं टाकून ऊन अडवलं आणि पोत्यात डोकं घालून थाळी हलवू लागलो. दिशा लावताना थाळीचा वर-खालचा कल धरून ठेवायचा, क्वालिटी दिसली की मगच कल. 40 झाली, 55, 68. तिथून पुढे घसरायला लागली तेव्हा परत 68 वर आणली. नट आवळतानाही थाळी सरकते, म्हणून एक थोडा, मग समोरचा थोडा, असे आळीपाळीनं घट्ट केले. बाभळीच्या काट्या खांबाला बांधल्या. म्होरक्याचा भरवसा नाही.

एवढ्यावर थांबलो नाही. खांबावर आणि क्लॅम्पवर सलग एक रेघ ओढून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी छत्री सरकली तरी रेघेला रेघ जुळवली की काम भागेल. खडू पावसात जातो, पेनही टिकत नाही, म्हणून कपाटातली लाल नेलपॉलिश आणली. बाटली तशीच कठड्यावर उघडी राहिली असावी.

संध्याकाळी सगळं खाली आणलं. वडील सह्याद्रीवरच्या बातम्या बघत पडले. मी पाने घ्यायला वर गेलो होतो, आणि तीन दिवस घसा बसलेल्या बायकोचा आवाज पहिल्यांदाच थेट गच्चीपर्यंत आला.