सुनेची वाट पाहणारी गावे

जपानमधल्या सेंदाईहून यामागाताला आणि तिथून अतेराझावा या टोकाच्या स्थानकापर्यंत रेल्वे जाते. त्यापुढे आसाही या गावी पोचायचे तर मोगामी नदीच्या कडेने मोटारीनेच जावे लागते. वस्ती सहा हजारांच्या आसपास, चहूकडे डोंगर आणि उतारांवर सफरचंदांच्या बागा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे गेले, तेव्हा फुजी जातीची तोडणी चालू होती. जपानात पुष्कळ ठिकाणी हे फळ झाडावर असतानाच कागदी पिशवीत झाकतात, त्यामुळे रंग उजळ येतो. आसाहीच्या शेतकऱ्यांनी पिशवी सोडून फळ उघड्या उन्हात पिकवले, आणि त्या गोडीवरच या गावाने नाव कमावले. रंग सगळीकडून सारखा यावा म्हणून फळावर सावली धरणारी पाने हाताने खुडतात आणि झाडाखाली चंदेरी कागद अंथरतात. ही पाने खुडणाऱ्या बायकांचे हात पाहताना मला निफाडच्या आमच्या द्राक्षबागेतली विरळणी आठवली, कारण मणी विरळताना आईची बोटे अशीच न पाहता चालत.

मी या गावी मुद्दाम गेले होते. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे, चार एकर द्राक्षबाग सांभाळतो, निर्व्यसनी आहे, आणि सात वर्षे स्थळे पाहूनही त्याचे लग्न जमलेले नाही. त्याच्या वयाची अशी वीसएक मुले एकट्या आमच्या गावात आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. त्या बातमीवर अनेकजण हसले. मला हसू आले नाही. तेव्हापासून गावाकडची चर्चा मी लक्ष देऊन ऐकते. ‘मुलींना नोकरीवालाच हवा’, ‘शिकवल्याचा हा परिणाम’, ‘मालाला भाव मिळू द्या, मग बघा मुली कशा रांगेत येतात’, असे तिचे तीन-चार ठरलेले सूर आहेत. दरम्यान, परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून मुलगी आणून देणाऱ्या मध्यस्थांचे फावते आहे, आणि पैसे घेऊन चार दिवसांत नाहीशा झालेल्या नववधूंच्या बातम्याही छापून येत आहेत.

आसाही गावाने हे सारे चाळीस वर्षांपूर्वी पाहिले आहे. ईशान्य जपानच्या खेड्यांतल्या मुली शिकून शहरांकडे गेल्या आणि थोरल्या मुलांना बायका मिळेनाशा झाल्या. अखेर १९८५ मध्ये या गावाच्या प्रशासनाने स्वतः पुढाकार घेऊन फिलिपाइन्समधील तरुणींशी विवाह जुळवले, आणि शेजारच्या काही गावांनीही हीच वाट धरली. देशभर टीका झाली. ती योग्यच होती, असे मला वाटते, कारण ‘मुली शेतकऱ्याच्या घरात यायला का तयार नाहीत’ हा प्रश्न न विचारताच, ज्यांना नाही म्हणणे अवघड होते अशा मुली शोधल्या गेल्या. सुनेसाठी जपानीत ‘योमे’ हा शब्द आहे आणि तो लिहिताना ‘बाई’ आणि ‘घर’ ही दोन चिन्हे जोडतात. त्या शब्दात शेत कुठेच नाही, आणि ती मात्र दिवसभर शेतातच असते.

महामार्गालगतच्या थांब्यावर शेतमालाच्या थेट विक्रीचे दुकान आहे. शेतकरी पहाटे माल मांडतात, किंमत स्वतः ठरवतात आणि प्रत्येक पिशवीवर पिकवणाऱ्याच्या नावाचे लेबल चिकटवतात. त्या लेबलांवर बहुतेक नावे चित्रलिपीत होती. एका पिशवीवरचे मात्र काताकानात होते, म्हणजे परकी नावे ज्या लिपीत लिहितात तिच्यात. मी विचारले तेव्हा ती बाई मागेच खोके रचत उभी होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मनिलाजवळून आलेली, आता साठीला टेकलेली. पहिली कितीएक वर्षे कष्ट तिचे आणि पैसा सासऱ्यांच्या खात्यात, अशी रीत होती. मग केव्हातरी कृषी खात्याच्या माणसासमोर घरातल्या तिघांनी एका करारावर सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के उमटवले. तिची कामे, तिचा मोबदला, महिन्याच्या सुट्ट्या, सगळे त्यात लिहिले होते. “माझ्या नावाचा शिक्का मी त्या दिवसासाठी कोरून घेतला,” असे सांगताना तिने तो पिशवीतून काढून मला दाखवला. बोटाच्या पेराएवढा, कडा झिजलेल्या.

असे कौटुंबिक करार १९९५ पासून जपान सरकार पुरस्कारते आहे. त्यांनी सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. २०२० च्या गणनेत जपानमधील मुख्यतः शेती करणाऱ्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे भरले, आणि आसाहीतही तोडणीच्या शिड्यांवर मला पांढरे केसच जास्त दिसले. इतका उशीर झाल्यावर उपाय अपुराच पडतो. आपल्याकडे कारणेही अधिक आहेत. जपानमध्ये मुली जन्मल्या आणि गाव सोडून गेल्या. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंग परीक्षणाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये ज्या राज्याने केला, त्याच राज्याचा हा आकडा आहे. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांच्या नावाने मोर्चा काढता येत नाही, आणि ज्या जन्मल्या त्यांना शिकल्याबद्दल दोष देणे तर सरळ अन्याय आहे.

मालाच्या भावाचा मुद्दा खरा आहे, हे मी मान्य करते. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी, असा कारभार असेल तर शेतकऱ्याच्या घरात आपली मुलगी द्यावी असे कोणत्या बापाला वाटेल? पण भाव मिळाला तरी तो कोणाच्या हातात पडतो, हे मुली पाहतात. मीही पाहिले होते. बावीसाव्या वर्षी पिंपळगावच्या एका चांगल्या बागायतदाराचे स्थळ मी नाकारले, ते त्याच्या उत्पन्नाकडे पाहून नव्हे. आईकडे पाहून. बागेची खरडछाटणी, गोडी छाटणी, घड द्रावणात बुडवायचे डिपिंग, मजुरांचा स्वयंपाक, सगळे करून चपलेसाठीही तिला वडिलांकडे पैसे मागावे लागत.

याचे उत्तर आपल्याकडे सुचले नव्हते, असेही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिला अधिवेशन भरवले आणि त्यानंतर लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली. तिच्यात हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. पुढे सरकारनेही त्याच नावाची योजना आणली, नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावणारी. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदार खातेदारांत बायका चौदा टक्क्यांच्या आसपासच निघाल्या. लग्न जमवण्याच्या बैठकांत मुलाचे एकर, ट्रॅक्टर, शेततळे सगळे सांगितले जाते. येणारीचे नाव कशावर लागेल हे मी कधीही कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

आसाहीहून परतल्यावर मी भावाला फोन केला आणि पुढच्या स्थळाला हे आपणहून सांग, असे सुचवले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, अगं अजून आईचंच नाव नाही.” त्या रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी वडिलांसाठी सविस्तर निरोप लिहिला, अर्ज तलाठ्याकडे कसा करायचा तेही लिहिले. निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत. आईने मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून एवढेच विचारले की त्या मनिलाच्या बाईच्या शिक्क्यावर नाव माहेरचे आहे की सासरचे.