बैठक क्षमता एक

ट्रॅक्टर घरी आला की आधी नारळ फुटतो, मग बोनेटवर नाव काय टाकायचं यावरून भांडण होतं, पण आरसी बुक कोणी उघडून बघत नाही. मी बघितलं. शाळामास्तर माणूस, छापील काही दिसलं की वाचायची खोड. त्यात एका ओळीत लिहिलंय, बैठक क्षमता एक. त्या एका ओळीपायी आज निम्मी भावकी माझ्याशी धड बोलत नाही.

आमचं रान मंगळवेढ्याकडचं, काळं, ज्वारीचं. या मातीचा स्वभाव आमच्या थोरल्या काकांसारखा, ओली असली तर पाय सोडत नाही आणि वाळली तर कुदळ आत घेत नाही. मधे जे चार दिवस मिळतात तो वाफसा, आणि त्याच चार दिवसांत अख्ख्या गावाला भाड्याचा ट्रॅक्टर पाहिजे असतो. ट्रॅक्टरवाला म्हणतो, "येतो की गुरुजी, सकाळीच येतो." कुठल्या सकाळी ते सांगत नाही. तीन वर्षं आम्ही अशा सकाळी बांधावर चहाची किटली घेऊन घालवल्या. शेवटी वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "आपलाच घेऊ."

मग एचपीचा विषय. गावात जेवढी डोकी तेवढे एचपी. एक म्हणतो सहा एकराला पस्तीस बास, दुसरा म्हणतो माती भुसभुशीत करणारा रोटावेटर चालवायचा तर पन्नासच्या खाली बघूच नको, तिसऱ्याकडं स्वतःचा कोळपासुद्धा नाही पण तो मला टॉर्क समजावून सांगत होता. आम्ही मधलं पंचेचाळीस धरलं, त्यामुळं दोन्ही पार्ट्या नाराज झाल्या. सरकारी अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज टाकून ठेवला होता, पण पूर्वसंमती येईना आणि संमतीच्या आधी घेतला तर अनुदान विसरा. अण्णा म्हणाले अनुदान येईस्तोवर मी जातो. तेवढ्यात ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर येणार असं कळलं, मग मात्र हेच अण्णा २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत एखाद्या साधूसारखे शांत बसून राहिले. चाळीसेक हजार वाचले. ते त्यांनी स्वतः वाचवल्यासारखे अजून सगळ्यांना सांगतात.

बँकेनं सातबारा मागितला, आठ-अ मागितला, सोसायटीचा नो ड्यूज मागितला आणि बोजा चढवायचा म्हणून सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांच्या सह्या मागितल्या. सगळ्या नावांत आत्या. अण्णांची थोरली बहीण, हडपसरला असते, वय अडुसष्ट. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "सही करीन, पर पहिल्याच आठवड्यात मला ट्रॅक्टरवर बसवून रानाला फेरी मारायची." सातबाऱ्यावर नाव लागून चाळीस वर्षं झाली, त्या नावाचं तिनं पहिल्यांदाच काही मागितलं. नाही कोण म्हणणार? मी हो म्हणालो. आरसी बुक तेव्हा यायचं होतं.

दसऱ्याला ट्रॅक्टर आणला. शोरूमच्या पोरानं दहा मिनिटांत सगळं सांगितलं, आठ गिअर पुढचे, दोन मागचे, हा लो-हाय, हा मागची अवजारं फिरवणारा पीटीओ, ही हायड्रॉलिकची दांडी, पन्नास तासांनी पहिली सर्व्हिसिंग, पेढे कुठायत. मी मोटरसायकल चालवणारा माणूस, सगळ्याला हो हो करत गेलो. घरी आलो, ओवाळणी झाली, मी रुबाबात किल्ली फिरवून काढली आणि खिशात टाकली. इंजिन चालूच. परत किल्ली घातली, फिरवली, काढली. चालूच! सगळी गल्ली बघतेय, अण्णांच्या तोंडावर जू मोडल्याचा भाव, आणि मी हातात किल्ली घेऊन धडधडणाऱ्या ट्रॅक्टरपुढं उभा. शेवटी शेजारचं सातवीतलं पोरगं वर चढलं आणि त्यानं एक काळी मूठ बाहेर ओढली. बंद. "सर, डिझेल तोडावं लागतंय," म्हणालं. हे पोरगं माझ्याच वर्गात आहे आणि गणितात मी त्याला दोनदा उभं केलंय.

दुसऱ्या दिवशी ब्रेक. ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल दोन असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, म्हणजे नांगरटीच्या तासाच्या टोकाला एकच दाबला की जागच्या जागी वळतं. रानात फार सोयीचं. पण रस्त्याला लागताना दोन्ही पेडलांना जोडणारी पट्टी अडकवायची असते, ती मी अडकवली नव्हती, समोर म्हैस आली, मी उजवा दाबला आणि ट्रॅक्टर म्हशीला सोडून थेट एका पुढाऱ्याच्या उकिरड्यात शिरला. वेग बैलगाडीचा होता म्हणून लेख लिहितोय. तेव्हापासून फाट्यावर आलं की आधी उतरून पट्टी बघतो, लोक म्हणतात गुरुजी पेडलाच्या पाया पडतात.

पण हे सगळं परवडलं, खरं दुखणं मडगार्डचं. आमच्याकडं ट्रॅक्टरचं मडगार्ड म्हणजे पाहुण्यांना द्यायची खुर्ची. रस्त्यात कोणीही हात करतो आणि "चल फाट्यापर्यंत" म्हणत थेट चढायला लागतो. एक दणका बसला की माणूस पुढं पडत नाही, खाली पडतो, आणि खाली मागचं चाक असतं, तेही आपल्याच ट्रॅक्टरचं. हे मी सांगितलं की उत्तर ठरलेलं, "तीस वर्षं बसतोय, काय झालं का?" काय झालेले लोक वाद घालायला येत नाहीत ना. विमासुद्धा चालवणाऱ्याचा, मडगार्डवरच्याला कंपनी ओळखतच नाही. चुलतसासरे रोटावेटरवर वजन म्हणून उभं राहायला निघाले होते, त्यांना सांगितलं की मामा, पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ, तुमचं धोतर त्यात गेलं तर मी काळ्या मुठीपर्यंत पोचायच्या आत तुम्ही कुठं असाल? मामा उतरले. दिवाळीला आले नाहीत.

त्यात पावसानं रान इतकं भिजलेलं की ट्रॅक्टर दारात, हप्ता ठरलेला आणि वाफसा कुठं पत्ताच नाही. मी घाई केली, खालच्या तुकड्यात घातला, मागची चाकं निम्मी गेली. दहा मिनिटांत पंधरा सल्लागार. सर्वानुमते ठरलं की मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधायचं आणि रेस द्यायची, बाहेर आलाच पाहिजे. लाकूड आलंसुद्धा! नशिबानं आमचा मेकॅनिक तिथून चालला होता. त्यानं लाकूड उचलून बांधापलीकडं फेकलं आणि मला एकच गोष्ट सांगितली. "गुरुजी, चाक अडलं की चाक फिरत न्हाय, मग चाकाभवती ट्रॅक्टर फिरतो. पुढची चाकं वर येतात आन् दीड सेकंदात तुमी खाली. उडी मारायला येळ मिळत न्हाय." मग त्यानं चाकांच्या मागची माती काढायला लावली, दुसरा ट्रॅक्टर लांब कोरड्यात उभा केला, साखळी हुकाला खालीच लावली आणि सगळ्या सल्लागारांना साखळीपासून लांब हाकललं. हळूच मागं ओढून काढला. सल्लागार जरा हिरमुसले, त्यांनी मोबाईल काढून ठेवले होते.

दिवाळीनंतर आत्या आली. एसटीतून उतरली ती थेट ट्रॅक्टरकडं, पिशवीसुद्धा घरात नेली नाही. पदर खोचला, मडगार्डला हात घातला.

"आत्या, तिथं नाही बसायचं."

"का रं?"

मी आरसी बुक आणलं. खरंच आणलं. तिच्यापुढं धरलं, ती ओळ बोटानं दाखवली, चष्मा लावून तिनं वाचली. अण्णा ओट्यावरून बघत होते, सही परत मागते की काय या धसक्यात. आत्यानं चष्मा काढला.

"एकच बसतं व्हय? मग तू कशाला बसलास? उतर."

बिनतोड. खळ्याशेजारचं सपाट रान बघितलं, मागची अवजारं काढली, विहिरीच्या बाजूला कोणी फिरकायचं नाही म्हणून सांगितलं, पदर दोनदा तपासला, लो मधला पहिला गिअर टाकून दिला आणि मी हाकेच्या अंतरावर बाजूनं चालायला लागलो. चालण्यापेक्षा कमी वेग. लग्नाआधी आत्या औत धरायची म्हणे, ते खोटं नसावं, पाठ ताठ, नजर तासावर, स्टिअरिंगला असे झटके की बिचारं यंत्रसुद्धा कान टवकारत असेल. पहिलं तास सरळ गेलं. मला जरा भरून आलं. त्या नादात बांध आलेला मी बघितला नाही.

"आत्या, क्लच!" मी ओरडलो. आत्यानं माझ्याकडं प्रेमानं बघितलं. बांध दहा पावलांवर. "क्लच दाबा! डाव्या पायानं!" ती हसून हात हलवतेय. आणि ओट्यावरून अण्णा, ज्यांना आयुष्यात क्लच म्हणजे काय ते ठाऊक नाही, बेंबीच्या देठापासून ओरडले,

"आक्का, वढ! कासरा वढ!"

आत्यानं समोर ओढण्यासारखं जे दिसलं ते ओढलं. काळी मूठ. ट्रॅक्टर जागच्या जागी गप्प.

मी धापा टाकत पोचलो. अण्णा सावकाश चालत आले, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "गुणाचाय." आत्या वरून माझ्याकडं बघत होती.

"फोटू काढलास का?"

"नाही, मी पळत होतो."

"मग परत," म्हणाली आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर ढिम्म.

"आत्या," मी म्हणालो, "आधी क्लच."