खड्डे, खेचरं आणि भावजींचा फॉरवर्ड

परवा घरच्या ग्रुपवर भावजींनी एक फॉरवर्ड टाकला: 'अमेरिकेची रोजगार हमी कशी फसली'. 1930 च्या मंदीत रूझवेल्ट सरकारने म्हणे अर्ध्या लोकांना खड्डे खणायला लावले आणि अर्ध्यांना बुजवायला. ॲपलाचियाच्या, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या गरीब डोंगरपट्ट्यातले लोक आयतं खाऊन आळशी झाले. अक्षरशत्रूंना घोड्यावरून पुस्तकं पोचवण्यात पैसा उधळला. आणि बेकारी गेली ती युद्धामुळे. खाली तात्पर्य: असली कामं बंद करा. त्याच ग्रुपवर आमची आत्या आहे. 72 च्या दुष्काळात तिने सुकडी खाऊन खडी फोडलेली आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

खड्ड्यांची गोष्ट बहुधा अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या एका टोमण्यावरून आली. जुन्या बाटल्यांत नोटा भरून बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत पुरा आणि लोकांना उकरू द्या, असं त्याने 1936 च्या ग्रंथात लिहिलं. घरं वगैरे बांधणं जास्त शहाणपणाचं, हेही तिथेच लिहिलंय. ते वाक्य फॉरवर्डवाल्याने गिळलं. शिवाय केन्स इंग्रज, आणि बेकारांना सरकारी काम देणारं अमेरिकेचं डब्ल्यूपीए खातं त्याआधी, 1935 लाच सुरू झालेलं.

आळशीपणाबद्दल एवढंच: सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेकार तरुणांना जंगलकाम देणाऱ्या सरकारी योजनेच्या छावणीत पोरांना महिन्याला 30 डॉलर मिळत, त्यातले साधारण 25 परस्पर घरी जात. या पोरांनी देशभर तीन अब्जांच्या आसपास झाडं लावली.

आता पुस्तकं. डोकं फिरलं ते इथे. ॲपलाचियातल्याच पूर्व केंटकीच्या डोंगरात रस्ते फारसे नव्हते, बरेचदा नदीनाल्यांच्या पात्रातूनच वाट. तिथे पुस्तकं पोचवायला डब्ल्यूपीएने बहुतेक बायकांनाच नेमलं. महिन्याला 28 डॉलर पगार. घोडा किंवा खेचर स्वतःचं आणायचं, नाहीतर भाड्याने घ्यायचं. खोगीराच्या पिशवीत, नसेल तर उशीच्या अभ्र्यात पुस्तकं भरून आठवड्याला शंभरेक मैल फिरायचं. सरकार फक्त पगार देई. पुस्तकं लोकांनी दिलेली, बरीचशी फाटकी. ती शिवायची, आणि पानं दुमडू नयेत म्हणून नाताळची जुनी भेटकार्डं खुणेला घालायची. जी अगदीच गेली त्यांची कात्रणं वहीत चिकटवायची. वाचणाऱ्या बायका त्यात आपल्या पाककृती आणि गोधड्यांचे नमुने घालत, मग ती वही पुढच्या घरी जाई. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना या बायका वाचून दाखवत. उधळपट्टी म्हणतात ती हीच का, भावजी?

युद्धाचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. 1933 मध्ये बेकारी 25 टक्क्यांच्या घरात होती, 1940 मध्येही 14-15 टक्के उरली होती. फक्त या प्रचलित आकड्यांत डब्ल्यूपीएच्या कामावर राबणारेही बेकारच धरलेत. दिवसभर खडी टाकणारा माणूस बेकार!

आणि सरकारला झोडायचंच होतं तर खरं कारण हाताशी होतं. याच सरकारचं टेनेसी राज्यातलं नॉरिस धरण 1936 मध्ये पुरं झालं, त्यासाठी तीनेक हजार कुटुंबं उठवली. थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.