माळ घाला, पण आधी डॉक्टर गाठा

राम कृष्ण हरी.

आषाढी जवळ आली की आमच्या लोणंद-फलटण पट्ट्यात घराघरांत एक बोलणं सुरू होतं. "यंदा त्याला माळ घालू. बघू तरी सुटतीय का." सुटायची ती दारू. माळ घातल्यावर पुढच्या तीन-चार दिवसांत काही घरांत जे घडतं, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझं मेडिकलचं दुकान आहे आणि घरात वाडवडिलांपासून वारी आहे, त्यामुळे या दोन्ही बाजू माझ्या समोर असतात. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात हा त्रास आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, हात जोडून सांगतो.

आधी माळेबद्दल. ज्यांना ही सगळी अंधश्रद्धा वाटते त्यांनी एखाद्या गावच्या भजनी मंडळात आठवडाभर बसून बघावं. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू-मटण बंद होतं, एकादशी येते, रोजचा हरिपाठ येतो, वर्षाची वारी येते. आणि पिणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याची संध्याकाळ भरते. दिवे लागले की त्याला घर खायला उठतं. त्या वेळी हातात टाळ देणारं, "माऊली" म्हणून हाक मारणारं, दोन दिवस दिसला नाही तर घरी माणूस पाठवणारं कुणीतरी असतं. ढाब्यावर बसणारे जुने सोबतीसुद्धा गळ्यातली माळ बघून आग्रह करत नाहीत. या माळेनं सावरलेले संसार मी पाहिलेत. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, घराची धूळधाण झाली, आणि त्याच पोरानं पुढं जन्मभर हातात खराटा घेऊन कीर्तनातून लोकांना दारू सोडायला सांगितलं. व्यसनाशी झुंजणं आपल्या या मातीत जुनंच आहे.

पण माळ मनाला बांधते, शरीराचं काय?

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या हिशेबानं चालायला लागलेला असतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. एका सकाळी ती दारू अचानक बंद झाली की दाब निघून जातो आणि चेतवणं तसंच राहतं. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची अवस्था फार बिघडते: माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीव जातो. सगळ्यांनाच असं होत नाही. पण जो सकाळी उठल्या उठल्या पिल्याशिवाय चहाचा कप धरू शकत नाही, ज्याला आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली आहे, त्याच्या बाबतीत हा धोका खरा आहे.

माझ्या एका चुलतभावाच्या बाबतीत हेच झालं. नाव लिहीत नाही, पण त्यानं आणि वहिनींनी लिहायला होकार दिलाय. गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनानंतर त्यानं माळ घातली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं शब्द दिला आणि तो पाळला, त्या क्षणापासून थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी हरिपाठाला बसला तेव्हा टाळ एकमेकांवर नीट पडत नव्हते, हात इतके कापत होते. लोकांना वाटलं, गहिवरलाय. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरून मुंग्या वेचायला लागला. एकही मुंगी नव्हती. चिमटीत धरायचा, जमिनीवर टाकायचा, पायानं चिरडायचा, परत वेचायचा. मधेच उठून, "पालखी दारात आली, दार उघडा" म्हणून ओरडायचा. वहिनींना त्यानं ओळखलं नाही.

बघायला जमलेल्यांत दोन मतं पडली. एक म्हणे अंगात आलं, दुसरं म्हणे माळ घालताना काहीतरी चुकलं, देव कोपला. लिंबू आलं, अंगारा आला, शेजारच्या गावच्या देवऋषाला आणायला मोटरसायकल निघाली. त्या गर्दीत आमच्या गावची आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणारी आशा कार्यकर्ती, पुढं झाली आणि तिनं एवढंच विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?" तीन दिवस झाले म्हटल्यावर तिनं कुणाचं काही ऐकून घेतलं नाही, थेट 108 ला फोन लावला. सरकारी दवाखान्यात त्याला मेंदू शांत करणारी औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं वहिनींना नावानं हाक मारली.

त्या बी-वनबद्दल दोन शब्द लिहितोच, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. सतत पिणारा माणूस जेवत नाही आणि जे खातो त्यातलंही हे जीवनसत्त्व शरीरात नीट मुरत नाही. ते फार कमी झालं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्ती जाते. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून घरच्या घरी कुणाकडून तरी ग्लुकोजची सलाईन लावून घेणं धोक्याचं आहे. आधी किंवा सोबत बी-वन जावं लागतं. हे काम डॉक्टरांचं आहे.

दोष मी कुणाला देत नाही. रात्रीच्या वेळी आपला माणूस असा वागायला लागला की घरच्यांना सुचेल ते करतात. पण हे आधीच माहीत असतं तर माळ घालण्यापूर्वी आठवडाभर त्याला दवाखान्यात ठेवता आलं असतं. मग तीच माळ, तोच काला, तेच कीर्तन, आणि जीव धोक्यात न घालता.

आता माझ्या काउंटरवरची गोष्ट. महिन्याकाठी एखादी तरी बाई येते, गर्दी कमी व्हायची वाट बघत बाजूला उभी राहते. पदराच्या गाठीतून घडी करून करून विरत आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढते. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा." आणि हळू आवाजात विचारते, "हे तुमच्याकडं मिळतं का? भाजीत घातलं तर कळणार नाही ना त्यांना?" ताई-माई-वहिनींनो, हे करू नका. अशा पावडरीत काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाची एक गोळी आहे, खरी आहे, डॉक्टर ती देतात. ती घेतल्यावर दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब खाली जातो. म्हणूनच ती माणसाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. भाजीतून ती पोटात गेली आणि हृदय अधू असलेला माणूस त्याच संध्याकाळी नेहमीसारखा प्यायला, तर तुमच्याच हातून त्याच्या जिवाचं बरंवाईट होईल. आणि वाचला तरी घरच्या जेवणावरचा विश्वास उडेल तो वेगळाच.

या बायांबद्दल मला जास्त लिहायचंय. नवरा पितो म्हणून सोळा सोमवार हिनं करायचे. गुरुवार हिनं धरायचा. अनवाणी चालायचा नवस हिनं बोलायचा. त्यानं परत प्यायली तर "तुझीच भक्ती कमी पडली" हे ऐकायचं तेही हिनंच. गेल्या पावसाळ्यात एक जण दोन चिठ्ठ्या घेऊन आली. एक त्याच्या लिव्हरच्या औषधांची, एक तिच्या लोहाच्या गोळ्यांची; रक्त सात ग्रॅमवर आलेलं. दोन्हीची किंमत विचारली, पैसे मोजले, आणि तिची चिठ्ठी परत पिशवीत ठेवली. "माझं सरकारी दवाखान्यातनं घेते नंतर." आठवड्यातून तीन उपवास होते तिचे. पांडुरंगाला तिचं उपाशी पोट हवं असेल असं मला तरी वाटत नाही, आणि कीर्तनकारांनी हे व्यासपीठावरून सांगितलं तर तिला ते पटेल. माझ्यासारख्या दुकानदाराचं ती ऐकत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. माळ मोडते तेव्हा.

चुलतभाऊ दवाखान्यातून आला, काही महिने छान गेले. मग एका लग्नाच्या वरातीत घसरला. सकाळी त्यानं स्वतःच माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि मंडळात येणं बंद केलं. लाजेनं. आणि ती लाज बुडवायला परत तेच. एकदा घेतली होती, तिची महिनाभराची झाली. आमच्या मंडळातही काही जण म्हणाले की माळेचा अपमान केला, आता त्याला पंगतीत घ्यायचं नाही. मला हा विचार साफ नामंजूर आहे. दारूचं व्यसन हा परत परत उलटणारा आजार आहे. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या माणसाला आपण वाळीत टाकतो का? घसरलेल्या माणसाला दारं बंद झाली की गावात एकच दार उघडं राहतं, ते गुत्त्याचं.

आमचे वीणेकरी बाबा, वय ऐंशीच्या पुढं, काठी टेकत त्याच्या घरी गेले. उपदेश केला नाही. "आज काकड्याला टाळ वाजवायला माणूस कमी आहे, चल," एवढंच म्हणाले. पुन्हा माळ घालायची घाई त्यांनी केली नाही. आधी दवाखाना, मग तालुक्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (एए, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंग, आणि सोबत मंडळ. एए 1935 साली अमेरिकेत सुरू झालं. वारीशी त्याचा काही संबंध नाही. पण तिथंही माणूस गोलात बसतो, आपलं मोडलेपण सगळ्यांसमोर सांगतो, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकतो, आणि म्हणतो "फक्त आजचा दिवस". देव कुठला, कसा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. भाऊ म्हणतो की पहिल्यांदा गेलो तेव्हा भजनात बसल्यासारखंच वाटलं. तिथं पैसे लागत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात, वहिनी त्यांना जातात. तिथं पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सांगितलं की यात तुमचा दोष नाही.

त्यानंतरही तो एकदा घसरला. हे लपवत नाही, कारण लपवलं तर वाचणाऱ्याला वाटेल की आपल्याच घरात असं होतं. आता तो दुसऱ्याच दिवशी स्वतःहून सांगतो, महिनाभर तोंड लपवत नाही. मला हा बदल फार मोठा वाटतो.

काही वारकरी मित्र म्हणतात की दवाखाना-समुपदेशन ही नास्तिकांची कामं. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण साताऱ्यात "परिवर्तन" ही व्यसनमुक्तीची संस्था त्यांनीच उभी केली, हे माझ्या मंडळातल्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं. पुण्याचं मुक्तांगण 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून. तिथून बरा होऊन आलेला माणूस गळ्यात माळ घालून दिंडीत चालताना मी स्वतः पाहिलाय. आपण देव मानतो की नाही, हे त्या बिचाऱ्याच्या यकृताला कुठं कळतं? त्याला बरं करणारे हात मिळावेत, एवढंच आपलं काम.

दिंडीचालकांना, फडकऱ्यांना आणि सप्ताह कमिटीच्या मंडळींना माझं कळकळीचं मागणं आहे. कुणी दारू सोडायला म्हणून माळ मागायला आला तर त्याला विचारा, रोज पितोस का, किती वर्षं, सकाळी हात कापतात का, कधी फिट आली होती का. उत्तर हो असेल तर माळेचा दिवस थोडा पुढं ढकला आणि मंडळातला एक माणूस सोबत देऊन त्याला दवाखान्यात पाठवा. गावच्या आशाताईला सप्ताहात पाच मिनिटं माइक द्या. काल्याच्या दिवशी अख्खं गाव जमलेलं असतं, तिला याहून चांगली सभा मिळणार नाही. माळ मोडलेल्याचं नाव कीर्तनात दाखला म्हणून घेऊ नका, त्याची पोरं समोर बसलेली असतात.

आणि घरच्यांसाठी. दारू बंद केल्यावर फिट आली, भ्रम झाला, ताप चढला तर रात्र असो की दिवस, 108 ला फोन करा आणि शेवटची कधी घेतली हे डॉक्टरांना खरं सांगा. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे. मनाचा ताण असह्य झाला असेल, पिणाऱ्याच्या किंवा त्याच्या बायको-पोरांच्या, तर टेली मानसचा 14416. तिथं मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. हे नंबर मी कागदावर छापून दुकानात काउंटरवर ठेवलेत. आमच्या भागातल्या कुणाला दिंडीसाठी हवे असतील तर येऊन घेऊन जा, पैसे नाहीत.