दार पाहून दोरी ओढावी

फिरतीची नोकरी करणाऱ्यानेही दंड राखावेत असं मला मनापासून वाटतं. अडचण आहे ती दारांची.

प्रवासात नेण्याजोगी जिम म्हणून हल्ली जी वस्तू मिळते, ती चपलांच्या पिशवीत मावते. रंगीत रबरी नळ्या, दोन मुठी, घोट्याला बांधायचे पट्टे आणि एक डोअर अँकर. हा अँकर म्हणजे नायलॉनचा जाड पट्टा, एका टोकाला फोमचा गोळा, दुसऱ्या टोकाला फासा. गोळा दाराच्या पलीकडे टाकायचा, फासा अलीकडे ठेवायचा, दार लावून घ्यायचं आणि फाशातून नळी ओवायची. दाराकडे तोंड करून ओढलं की पाठ, दाराकडे पाठ करून ढकललं की छाती. खोक्यावरच्या चित्रातला माणूस हे सगळं समुद्राकडे उघडणाऱ्या खोलीत करतो. त्याचं हॉटेल माझ्या लॉजसारखं नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या मागच्या गल्लीत नाही.

आता दाराचं शास्त्र. ओढल्यावर दार चौकटीवर घट्ट बसायला हवं, म्हणजे ते पलीकडे उघडणारं हवं. आपल्याकडे उघडणाऱ्या दाराला नळी लावली तर आपण आणि दार यांच्यामध्ये फक्त कडी उरते. लॉजच्या खोलीचं दार हमखास आत उघडतं. माझ्या खोलीच्या कडीवर ऑइल पेंटचे इतके थर होते, की तिला स्क्रूंनी धरलंय की रंगाने हे मालकालाही सांगता आलं नसतं. राहिलं बाथरूमचं दार. ते बाथरूममध्ये उघडत होतं, म्हणजे शास्त्राप्रमाणे एकदम योग्य. फक्त ते पीव्हीसीचं होतं. लाल नळी लावून ओढली, तर नळीच्या आधी दारच ताणलं गेलं. त्याला मधोमध चक्क पोट आलं. हात सैल केला की पोट आत, ओढला की बाहेर, आणि आत जाताना दरवेळी धाडकन आवाज. माझं पोट जावं म्हणून आणलेल्या वस्तूने दाराचं पोट काढलं. थोड्याच वेळात इंटरकॉम वाजला. "सर, आत कोणी अडकलंय का?"

रबराची आणखी एक गंमत आहे. दहा किलोचं डंबेल खाली, मध्ये, वर, सगळीकडे दहाच किलो असतं. रबर जितकं ताणाल तितकं जड होत जातं. त्यामुळे वजन वाढवायचं तर नळी बदला किंवा दारापासून एक पाऊल मागे सरका. आता माझी कंपनी ज्या भाड्याच्या खोल्या मंजूर करते, त्यांत मागे सरकलं की पलंग लागतो. थोडक्यात, मी किती वजन उचलणार हे अकाउंट्स खातं ठरवतं. नळी पायाखाली दाबून दंडांचे व्यायाम होतात, त्याला दार लागत नाही. पण वरून खाली ओढायचं काही करायचं तर उंचावर आधार हवाच, आणि लॉजमध्ये उंचावर फक्त पंखा असतो.

"नाशकात सख्खा मामा असताना लॉजवर राहतोस?" हा प्रश्न मामीने फोनवर विचारलाच. म्हणून भर पावसात पिशवी उचलून पंचवटीत गेलो. मामाचा वाडा जुना. दार दोन फळ्यांचं, सागवानी, आतून अडसर. अडसर घातला की बाहेरून हत्ती आला तरी हलणार नाही. पण दोन फळ्यांमधून उभी फट अशी, की बाहेर पाऊस थांबलाय का हे दार न उघडता कळतं. फोमचा गोळा त्या फटीतून एकदाच सुटला. माझ्या कानाजवळून जाऊन तो मागच्या पितळी घंगाळावर आदळला. देवघरातून मामी म्हणाली, "आरती संपली केव्हाच."

मग माजघरातला खांब धरला. खांबाला पट्टा गुंडाळला की उघडझाकीचा प्रश्नच नाही. मामा झोपाळ्यावरून बघत होता. "त्या खांबावर वरचा मजला आहे, हे लक्षात असू दे," म्हणाला. नंतर त्याला राहवेना. "आमच्या वेळी स्प्रिंगा होत्या. छातीचे केस अडकायचे त्यांच्यात. तरी ओढायचो." तिथून गाडी बाळंभटदादा देवधरांवर आली. नाशिक जिल्ह्यातल्या कोठुरे गावचा हा माणूस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होता आणि मल्लखांबाला नव्याने उभं करण्याचं श्रेय त्याला देतात. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचं आव्हान त्याने घेतलं, तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगीला गेला आणि तिथे साक्षात मारुतीने लाकडी खांबावर त्याला विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. ती पूर्ण सांगून मामा म्हणाला, "त्यांनी खांब ओढला नाही रे. खांबावर चढले."

त्या दिवसांत गोदावरीला पाणी होतं. पंचवटीत पूर फुटांत मोजत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीला लागलं. पूर बघून परतणारे शेजारी पाणी कुठवर आलं ते सांगायला मामाकडे डोकवायचे आणि मला बघून थबकायचे. मामाने दोन्हींची कॉमेंट्री एकत्र केली. "कमरेपर्यंत आलंय, अजून ओढ. हां, छातीला लागलं. आता गळ्यापर्यंत जाऊ दे." एका आजोबांनी काळजीने विचारलं, "धरणातून सोडलं का अजून?"

संध्याकाळी कामावरून आलो तर नळी खांबापासून खिडकीच्या गजापर्यंत ताणलेली, आणि तिच्यावर पंचा, परकर, मामाची दोन सँडो बनियनं. पावसात कपडे वाळत नाहीत, मामीचं म्हणणं रास्त होतं. वास्तविक युजेन सँडो 1904-05 मध्ये हिंदुस्थानात येऊन ताकदीचे प्रयोग करून गेला आणि व्यायामाचं असलंच एक रबरी यंत्र तो स्वतःच्या नावाने विकत असे. आपण त्याचं बनियन तेवढं ठेवून घेतलं. ते त्याच्याच धंद्यातल्या दोरीवर वाळताना बघून मी काही बोललो नाही. नळीवर चिमटे लावलेले दिसले तेव्हा मात्र बोललो. रबराला चीर पडली तर ते ताणात तुटतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं, हे समजावून सांगितलं. मामीने शांतपणे ऐकलं. "मग तू ओढू नकोस," म्हणाली.

पुण्याला येऊन पिशवी उघडली तर पिवळी नळी नाही. फोन केला. मामाने ती स्कूटरच्या फळीवर गॅसचा सिलिंडर बांधायला घेतली होती.

"बरं झालं फोन केलास," मामा म्हणाला. "पुढच्या वेळी लाल आण. पिवळी द्वारका सर्कलच्या खड्ड्यांत ढिली पडते."